फेणे, गोट्या, चांदोबा: लहानपणीच्या पुस्तकमाला मोठेपणी पुन्हा कशा वाचाव्यात

बेळगावातल्या वडगावचं आमचं जुनं घर उतरवायला काढलं, तेव्हा माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यात आईचं एक इरकल, बाबांच्या मागाचे दोन धोटे आणि तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली सतरा पुस्तकं होती. फास्टर फेणेची सहा, 'गोट्या'चे दोन भाग आणि चांदोबाचे नऊ अंक. फेणेच्या एका पुस्तकाची शेवटची आठ पानं नव्हती. ती ट्रंकेत गळाली नव्हती, कोल्हापूरच्या मामांनी ते पुस्तक रद्दीतून आणून मला दिलं तेव्हापासूनच ती नव्हती. त्यामुळं त्या गोष्टीत फेणे शेवटी कसा सुटला, हे मला पस्तीस वर्षं ठाऊक नव्हतं. मी माझ्यापुरता एक शेवट रचला होता आणि धाकट्या बहिणीला तोच खरा म्हणून सांगून टाकला होता.

त्या ट्रंकेपासून सुरुवात करून गेल्या दीड वर्षात मी लहानपणीच्या मालिका एकेक करून पुन्हा वाचल्या. त्यात काय चुकलं आणि काय साधलं, ते इथं क्रमानं लिहिते. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर या पट्ट्यातल्या वाचकाच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. मराठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ दूर, पाऊस चार महिन्यांचा आणि घरातली मुलं बहुतेक इंग्रजी किंवा कन्नड शाळेत. म्हणून हा लेख इथल्याच घरांसाठी लिहिलाय असं समजा.

पुस्तकाआधी वही

पुस्तक हातात घेण्याच्या आधी एक वही घ्या. प्रत्येक मालिकेला एक पान. आठवतं तेवढंच लिहायचं, मोबाइलवर शोधायचं नाही, कुणाला फोन करायचा नाही. पात्रांची नावं, मुखपृष्ठाचा रंग, एखादा प्रसंग, पुस्तक कुणी दिलं, कुठं बसून वाचलं, शेवट काय होता. वीस मिनिटं पुरतात.

हे आधीच करायचं, कारण पुस्तक पुन्हा वाचलं की जुनी आठवण त्याखाली दबून जाते. मग यातलं माझं किती आणि लेखकाचं किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या वहीत 'गोट्या'च्या पानावर मी ठामपणे लिहिलं होतं, की गोट्या ज्या घरात राहायला येतो त्या घरात माग आहे आणि तो त्याच्या आवाजात झोपतो. पुस्तकात माग नाहीच. तो आमच्या घरातला माग. मी सोप्यात पोत्यावर पालथी पडून वाचायची आणि पलीकडं बाबांचा धोटा चालू असायचा. तो आवाज गोष्टीत कधी शिरला, मला कळलंच नाही. वही लिहिली नसती तर पुस्तक वाचून 'अरे, माग नाही वाटतं' म्हणून मी पुढं गेले असते आणि ती एवढी मोठी गोष्ट हातची निसटली असती.

न आठवणाऱ्या जागा कोऱ्या ठेवा. अंदाजानं भरू नका.

कुठली मालिका निवडायची

सगळ्या एकदम काढू नका, दोन पुरेत. पैकी एक अशी घ्या जी तुम्ही पारायणं करून वाचली होती, आणि दुसरी अशी जिचे एक-दोनच भाग हाताला लागले होते आणि बाकीच्यांसाठी जीव तळमळला होता. दुसऱ्या जातीच्या मालिकेत मोठेपणी जास्त आनंद आहे, कारण तिथं खरोखर न वाचलेलं काही शिल्लक असतं.

माझ्या पिढीच्या बहुतेकांच्या यादीत भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे असतोच. भागवत १९१० चे, २००१ साली गेले. पुण्याजवळच्या फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल आणि त्याचं ते 'टॉक्' असलेली वीसेक पुस्तकं त्यांनी लिहिली. त्यांचाच बिपिन बुकलवार हा पुस्तकवेडा मुलगा मात्र कमी जणांना आठवतो. तो जरूर शोधा, वाचनाची आवड असलेल्या माणसाला तो आता जास्त जवळचा वाटेल. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' त्याहून जुना, शांत आणि घरगुती. साने गुरुजींच्या गोड गोष्टी अनेकांनी शाळेच्या बक्षीस समारंभातून मिळवलेल्या असतात. घरातल्या मोठ्यांच्या उशाखाली सापडणारे बाबूराव अर्णाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे चोरून वाचायचे. त्यांचीही गणना मालिकेतच करा, लाजायचं कारण नाही.

चांदोबाचं वेगळं सांगायला हवं. मूळ मासिक १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये निघालं, मराठी चांदोबा १९५२ पासून. विक्रम-वेताळाची शंकर यांनी काढलेली चित्रं सगळ्या भाषांत तीच असायची. आमच्या शेजारच्या घरात हेच मासिक कन्नडमधून यायचं, 'चंदमामा' म्हणून. खांद्यावर प्रेत घेतलेला तोच राजा, तीच तलवार, खाली फक्त अक्षरं वेगळी. शेजारची अक्का आणि मी दोन्ही अंक जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवायचो आणि चित्रावरून ओळी जुळवायचो. मला कन्नड वाचता यायला लागलं ते शाळेतल्या पुस्तकानं थोडं आणि वेताळानं जास्त. तुमच्या शेजारी असं कुणी असेल, तर चांदोबा एकट्यानं वाचू नका. त्यांना त्यांचे अंक काढायला सांगा.

प्रत मिळवणं

आधी आपलंच घर, मग आजोळ, मग आत्या-मावश्यांची घरं. 'जुनी पुस्तकं आहेत का' असं विचारलं तर 'नाहीत' असंच उत्तर येतं. 'माळ्यावर ट्रंक आहे का' असं विचारा.

त्यानंतर वाचनालय. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं, म्हणजे मराठी मुलखातल्या जुन्या वाचनालयांपैकी एक. त्याशिवाय गावोगावी, गल्लीगल्लीत छोटी वाचनालयं आहेत. कुठंही गेलात तरी नुसतं कपाट बघून परत येऊ नका. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवतात ती वही, बघायला मागा. जुनी बालपुस्तकं संगणकाच्या यादीत चढलेली नसतात, पण नोंदवहीत शाईनं लिहिलेली सापडतात. लेखकाच्या आडनावानं शोधा आणि मालिकेचं नाव नुसतं 'फेणे', 'फास्टर', 'फाफे' असं वेगवेगळं लिहिलेलं असू शकतं हे ध्यानात ठेवा. नोंद सापडली आणि पुस्तक कपाटात नसलं, तर ते बांधणीला काढलेलं किंवा मागच्या खोलीत गठ्ठ्यात असण्याची शक्यता असते. नम्रपणे, पण नेटानं विचारत राहा.

हे उशिरा केलं तर काय होतं, ते मी अनुभवलंय. ज्या वाचनालयात मी लहानपणी दर शनिवारी जायची, तिथं जागा करायची म्हणून बालविभागातली जुनी पुस्तकं पोत्यात भरून रद्दीला घातली गेली. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी. रद्दीवाल्याकडं धावले, पोतं उपसलं, चार पुस्तकं मिळाली. त्यातल्या एकाच्या मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के होते, आणि त्यातले सलग तीन माझ्याच वेळचे असणार, कारण त्या मे महिन्यात मी ते पुस्तक सोडतच नव्हते. बाकीची गेली. मला अजूनही त्याचं वाईट वाटतं. म्हणून सांगते, तुमच्या वाचनालयाला आजच एक साधा अर्ज द्या: बालविभागातली अमुक पुस्तकं काढायची झाली तर आधी मला कळवा, मी रद्दीच्या भावापेक्षा जास्त देऊन घेईन. खाली फोन नंबर. कुणी नाही म्हणत नाही.

विकत घ्यायची असतील तर हिवाळ्याची वाट बघा. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा इथल्या मराठी साहित्य संमेलनांत पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि विक्रेत्याशी समोरासमोर बोलता येतं. हवी असलेली यादी कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, तो पुढच्या खेपेला घेऊन येतो. पुण्याला जाणं झालं तर पुस्तकांच्या दुकानांचा अप्पा बळवंत चौक आहेच.

इंटरनेटवर 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीनंच मोफत वाचायला ठेवलेत. 'किशोर' १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू झालं. आमच्याकडच्या मराठी शाळांत पाठ्यपुस्तकं कर्नाटक सरकारची असल्यानं बालभारतीचं आमच्यापर्यंत पोचायचं ते बहुधा एवढंच, तेही वाचनालयातून. इतर ठिकाणी स्कॅन केलेली पुस्तकं दिसली तर कायदा एवढा लक्षात ठेवा: आपल्याकडं लेखकाच्या निधनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. ताम्हनकर १९६१ साली गेले, त्यांचं २०२२ पासून. भागवतांचं लेखन २०६१ संपेपर्यंत हक्कात आहे, तेव्हा फेणे विकतच घ्यायचा किंवा वाचनालयातून आणायचा. चित्रांचा हक्क चित्रकाराचा वेगळा असतो, हेही विसरू नका.

आपण वाचलेलीच आवृत्ती का?

नवी आवृत्ती हातात घेतल्यावर 'हे ते पुस्तकच नव्हे' असं वाटलं, तर तो तुमचा भ्रम नसतो. चित्रकार बदलतो, टाइप बदलतो, कधी दोन पुस्तकं एकात बांधली जातात. पहिलं पान फाटलं असलं तरी साधारण काळ ओळखायची एक सोपी खूण आहे. 'कांहीं', 'नाहीं', 'तेव्हां', 'आंत' असे न उच्चारले जाणारे अनुस्वार छापलेले असतील तर मजकूर जुन्या वळणाचा. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांना १९६२ साली मान्यता मिळाली, १९७२ साली त्यात आणखी चार नियमांची भर पडली आणि ते अनुस्वार छपाईतून गेले. माझ्या 'गोट्या'त ते अनुस्वार आहेत. लहानपणी मी ते नाकातून उच्चारून वाचायची आणि आई हसायची.

माझा सल्ला असा, की वाचायला नवी प्रत घ्या आणि जुनी शेजारी ठेवा. ज्या पानावर चित्र असल्याचं आठवतं, त्या पानापुरती जुनी उघडा. जुन्या प्रतीच्या मोडक्या पाठीवर पूर्ण वाचनाचा भार टाकू नका.

चार पावसाळे सोसलेली पुस्तकं

इथं घाई केली तर पुस्तक जातं. ट्रंक उघडल्यावर पुस्तकं लगेच झटकू नका, उन्हात तर मुळीच टाकू नका. पिवळा पडलेला स्वस्त कागद उन्हात कुरकुरीत होतो आणि दुमडला की तुटतो.

आधी तीन ढीग करा. कोरडी आणि शाबूत, दमट किंवा बुरशी आलेली, आणि किडलेली. बुरशीवाली पुस्तकं घराबाहेर, सावलीत, वाऱ्याला उभी करून पानं थोडी विलग ठेवायची. जून ते सप्टेंबरात खानापूरच्या बाजूला हे जमणारच नाही, तिथं खोलीत पंखा लावा, पण झोत थेट पुस्तकावर नको. पूर्ण सुकल्यावरच तोंडाला मास्क बांधून मऊ ब्रशनं बुरशी झाडायची, शिवणीकडून बाहेरच्या कडेकडं. ओल्या बुरशीला हात लावला की ती कागदात पसरते. माझ्या चांदोबाच्या एका अंकाचं मुखपृष्ठ मी असंच घाईनं पुसलं आणि वेताळाचा चेहरा गेला.

किडीसाठी सर्वांत खात्रीचा उपाय डीप फ्रीझर. पुस्तक कोरडं असलं पाहिजे. जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं, उणे अठरा अंशांच्या आसपास दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, पूर्ण एक दिवस खोलीत तशीच ठेवायची, नाहीतर थंड कागदावर पाणी धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड नसतो. आमच्या ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याकडं मी नऊ पुस्तकं ठेवली होती. त्यांनी ती कुल्फीच्या डब्यांमागं नीट रचून ठेवली आणि दोन आठवड्यांनी स्वतः फोन करून आठवण दिली.

फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी निघून जाते आणि डाग राहतो. गव्हाच्या सत्त्वाची किंवा मैद्याची पातळ खळ शिजवायची, गाळायची, आणि पातळ, लांब धाग्याच्या कागदाची बारीक पट्टी त्या खळीनं फाटीवर बसवायची. वर-खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर वजन, एक रात्र. आपल्याकडचे जुने बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर घालू नका. कपाटात वेखंडाचे तुकडे पुरचुंडीत बांधून ठेवा, आमच्या आजी इरकलांत ठेवायच्या तसेच. पुस्तक भिंतीला टेकवू नका, मागं चार बोटं जागा सोडा. आमच्याकडच्या भिंतींना श्रावणात घाम येतो.

क्रम आणि वेग

मालिकेच्या प्रकाशनाच्या क्रमानं वाचू नका. तुम्हाला ज्या क्रमानं पुस्तकं भेटली, त्याच क्रमानं वाचा. मला आधी मधलंच एखादं मिळालं, मग सुरुवातीचं, मग शेवटचं. फेणे कोण, कुठला, हे मला तिसऱ्या पुस्तकात नीट कळलं आणि त्यामुळं तो मला आधीपासूनच ओळखीचा, गल्लीतला वाटत होता. तो क्रम मोडला असता तर ते वाटणंही मोडलं असतं. न वाचलेले भाग मात्र शेवटी, आणि तेव्हा हवा तर प्रकाशनाचा क्रम धरा.

सर्वांत आवडतं पुस्तक पहिलं काढू नका. डोळ्यांना त्या भाषेची, त्या छोट्या प्रकरणांची सवय व्हायला एखादं पुस्तक जावं लागतं.

वेगाची अडचण मोठी आहे. लहानपणी जे पुस्तक सुट्टीभर पुरलं, ते आता दीड तासात संपतं, आणि 'एवढंच होतं का?' म्हणून मन खट्टू होतं. पुस्तक तेवढंच होतं, आपण ते अकरा वेळा वाचत होतो. पुढचं मिळायचं नाही म्हणून तेच पुन्हा, पुन्हा. तेव्हा आताही एका बैठकीत दोनच प्रकरणं, मध्ये एक दिवस सुट्टी, आणि पुस्तक संपल्यावर आठवड्याभरात तेच दुसऱ्यांदा. पहिल्या वाचनात आपण आठवणी तपासत असतो. दुसऱ्या वाचनात पुस्तक दिसतं. भागवत प्रकरण कुठं तोडतात, दोन वाक्यांत माणूस कसा उभा करतात, हे मला दुसऱ्याच खेपेला कळलं, आणि या माणसानं मुलांसाठी लिहिताना एक ओळही हलक्या हातानं लिहिली नाही म्हणून त्यांच्याबद्दलचा आदर फार वाढला.

शक्य असेल तर जुन्या जागी बसून वाचा. घर नसेल तर तशीच बैठक घ्या. मी खुर्चीतून खाली उतरून पोत्यावर पालथी पडले. कंबर धरली, पण वाचन बदललं.

खटकणारी पानं

ती येतातच. त्या काळच्या बालपुस्तकांत खलनायक काळासावळा असतो, नोकर विनोदापुरता असतो, मुली डबा बांधून देतात आणि मुलं मोहिमेवर जातात, मास्तर छडी मारतात आणि ते योग्यच धरलेलं असतं. वाचताना अंग आखडलं तर पुस्तक मिटू नका, झाकूनही नेऊ नका. वहीत पान नंबर लिहा आणि समोर एवढंच नोंदवा, की हे लहानपणी मला दिसलं होतं का. माझ्या बहुतेक नोंदींपुढं 'नाही' आहे. एकीपुढं 'हो' आहे. गोष्टीतल्या सगळ्या मुलांची आडनावं एकाच तऱ्हेची, आणि आमच्या विणकर गल्लीतलं एकही नाही, हे मला दहाव्या वर्षी जाणवलं होतं आणि मी ते कुणाला बोलले नव्हते.

मुलांना वाचून दाखवत असाल तर अशा ठिकाणी थांबा आणि त्यांना विचारा. वगळून वाचलेलं त्यांना लगेच कळतं.

मोठ्यानं वाचा

सीमाभागातल्या वाचकानं निदान एक पुस्तक मोठ्यानं वाचावं, असा माझा आग्रह आहे. त्याचं कारण सांगते.

आमच्या घरात, गल्लीत बायका-मुली 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असंच बोलतात. 'पण' म्हणायचं तिथं 'खरं' म्हणतात. काय करतेस असं कुणी विचारत नाही, 'काय करालीस' असं विचारतात. पुस्तकातल्या मुली मात्र 'मी आले', 'मी जाते' म्हणायच्या. लहानपणी मनातल्या मनात वाचताना मला हा फरक कधी टोचला नाही. मी शाळेच्या निबंधात 'मी गेले' लिहायची आणि घरी येऊन 'मी गेलो' म्हणायची. आता हा लेखही मी 'धावले', 'पडले', 'सांगते' असा लिहितेय. ही लिहायची मराठी मला कुणी दिली, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. भाचीला फेणे मोठ्यानं वाचून दाखवताना, वाक्य तोंडातून बाहेर पडताना, ते स्वच्छ ऐकू आलं. ती मराठी या पुस्तकांतून आली होती. शनिवारी वाचनालयातून दोन पुस्तकं घरी यायची, त्यांच्याबरोबर ती येत होती, आणि इकडं सोप्यात माझी बोली होती तशीच राहिली.

भाची इंग्रजी शाळेत आहे, तिसरी भाषा कन्नड. मराठी बोलते, वाचायला कंटाळते. अशा मुलांसाठी एक पद्धत चालली. रोज पंधरा मिनिटं, त्याच वेळेला. पुस्तक त्यांच्या समोर धरायचं, बोट ओळीखालून फिरवायचं. प्रकरणाच्या ऐन मोक्याला थांबायचं आणि पुस्तक उघडंच ठेवून चहा टाकायला उठायचं. पहिले पाच-सहा दिवस काहीच झालं नाही. सातव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना आतून अक्षर अक्षर जोडत वाचल्याचा आवाज आला. मी गॅस बारीक केला आणि बाहेर गेलेच नाही.

अडलेला शब्द तिथल्या तिथं आपल्या बोलीत सांगा, शब्दकोश काढू नका. आणि मुलं वाक्य आपल्या वळणानं बदलून वाचायला लागली तर दुरुस्त करू नका.

लहानपणीच्या मालिकेनंतर

जुनी मालिका संपली की रितं वाटतं. तेव्हासाठी एक मालिका राखून ठेवा: प्रकाश नारायण संतांचा लंपन. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर', या क्रमानं चार पुस्तकं. संत हे इंदिरा संतांचे चिरंजीव, बेळगावात वाढलेले, पुढं कऱ्हाडला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. २००३ साली ते गेले, 'झुंबर' त्यानंतर आलं. हे मुलांसाठी लिहिलेलं लेखन नव्हे, एका मुलाच्या डोळ्यांतून मोठ्यांसाठी लिहिलेलं आहे. आजी-आजोबांकडं राहणारा लंपन, त्याची सुमी, कानडी सूर मिसळलेली मराठी. २०२४ साली यावर वेब मालिकाही आली, पण आधी पुस्तकं वाचा.

पुण्याच्या पोरांच्या गोष्टी वाचून वाढलेल्या आपल्याकडच्या माणसाला लंपन वाचताना आपलीच शाळा, आपलीच गल्ली आणि आपलंच बोलणं छापलेलं दिसतं. फेणेच्या लगेच मागून वाचलात तर ते फार जाणवेल. दोन्हींच्या मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या.

ती आठ पानं

अपुरी प्रत पूर्ण कशी करायची, हे शेवटचं. आधी तुमच्या मनातला शेवट वहीत लिहून तारीख घाला. मी माझा लिहिला, बहिणीलाही तिच्या आठवणीतला लिहायला लावला. तिला मी सांगितलेला शेवट माझ्यापेक्षा जास्त नीट आठवत होता. मग पूर्ण प्रत मिळवा आणि तेवढीच पानं वाचा. मला ती एका वाचनालयात मिळाली. तिथंच बाकावर बसून वाचली. खरा शेवट माझ्यापेक्षा साधा होता आणि चांगला होता.

झेरॉक्स काढून आत घालता येतात, पण मी हातानं उतरवून घ्यायचं ठरवलं. पुस्तकाच्या उंचीचा साधा, किंचित पिवळसर कागद घ्या. दोन कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की आठ पानं होतात. डावीकडं शिवणीसाठी दोन बोटं समास सोडा, निळ्या शाईऐवजी काळी वापरा, आणि दुमडीवर तीन भोकं पाडून दुहेरी सुती दोऱ्यानं जुन्या शिवणीला हलकेच ओवा. खळ फक्त पाठीला, पानांना नाही.

चार संध्याकाळी लागल्या. शिवून झाल्यावर भाचीनं ती पानं वाचायला घेतली, आता ती सलग वाचते. मध्येच थांबली.

"मावशी, तू हितं चुकलीस की."

त्या मालिकेतल्या मुलीच्या तोंडचं एक वाक्य होतं. छापील पुस्तकात 'मी आले' होतं. मी 'मी आलो' लिहिलं होतं.

"खोडू काय?" तिनं पेन्सिल उचलून विचारलं.

"नको. असू दे," मी म्हटलं, आणि ती पुढं वाचायला लागली.